आईला डिमेन्शिया होता, आता माझ्या मेंदूसाठी मी काय करू?

प्रश्न थोडक्यात असा: 'माझं वय ५२. आईला ७४व्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झालं, आणि पुढची काही वर्षं आम्ही घरात ते जवळून पाहिलं. हल्ली मला ओळखीच्यांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत, खोलीत कशासाठी आले तेच विसरते. रोज कोडी सोडवते, मोबाइलवर मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप घेतलंय, स्मरणशक्तीच्या हर्बल गोळ्याही सुरू केल्यात. झोप नीट लागत नाही म्हणून अधूनमधून झोपेची गोळी घेते. बाकी तब्येत ठीक, बीपी थोडं वरच असतं, १४०च्या आसपास, पण त्रास काही नाही. मला हा आजार होऊ नये म्हणून आणखी काय करायला हवं?'

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: बीपी थोडं वरच असतं. कोडी, अ‍ॅप आणि गोळ्यांवर तुम्ही वेळ, पैसा आणि मन खर्च करताय; आणि ज्या गोष्टीचा मेंदूच्या म्हातारपणाशी असलेला संबंध मोठमोठ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा समोर आलाय, ती मात्र 'त्रास काही नाही' म्हणून बाजूला पडलीय. माझ्याकडे विसराळूपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या पन्नाशीतल्या बऱ्याच जणांचं असंच असतं. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीत शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. तो पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या मेंदूच्या खोल भागात जाताना अगदी बारीक होत जातात. वर्षानुवर्षं वाढीव दाब सोसून त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, काही बंद पडतात. अर्धांगवायू होत नाही, डोकं दुखत नाही, काही म्हणजे काही कळत नाही. एमआरआय काढला तर मेंदूच्या आतल्या भागात पांढरे ठिपके दिसतात. पुढे ते एकमेकांत मिसळायला लागतात. याचा पहिला फटका स्मृतीपेक्षा विचारांच्या वेगाला बसतो. हिशेबाला वेळ लागतो, एका वेळी दोन कामं सांभाळताना गडबड उडते. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, साठणारी अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं त्याच मेंदूत असतील, तर दोन्हींचं नुकसान एकमेकांत भर घालतं. उतारवयात डिमेन्शिया झालेल्यांच्या मेंदूचं मृत्यूनंतर परीक्षण केलं की बहुतेकदा एकच आजार सापडत नाही, दोन-तीन एकत्र सापडतात.

इथे वयाचा मुद्दा कळीचा आहे. महत्त्वाचा असतो तो चाळिशी ते साठीतला दाब. अल्झायमरचे बदल मेंदूत लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून सुरू होतात, आणि रक्तवाहिन्यांचं नुकसानही त्याच काळात होत असतं. म्हणजे ७४व्या वर्षी दिसलेल्या आजाराची सुरुवात पन्नाशीत झालेली असू शकते. डिमेन्शियाचा प्रतिबंध हा म्हाताऱ्या माणसांचा विषय नाही, तुमच्या वयाचा आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने डिमेन्शियावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने म्हणूनच चाळिशीपासून पुढे वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवा, असं सांगितलंय.

औषधाने दाब खाली आणला तर मेंदू खरोखर वाचतो का, हे स्प्रिंट माइंड नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत तपासलं गेलं. पन्नाशीपुढच्या ९,३६१ जणांचे दोन गट केले. एका गटात वरचा आकडा १४०च्या खाली ठेवायचा होता, दुसऱ्यात १२०च्या खाली. २०१९मध्ये निष्कर्ष आले: १२०वाल्या गटात डिमेन्शियाच्या आधीची पायरी मानली जाणारी सौम्य बोधक्षीणता १९ टक्क्यांनी कमी आढळली. प्रत्यक्ष डिमेन्शियाचं प्रमाणही कमी होतं, पण तो फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणण्याइतका मोठा नव्हता. हृदयाला झालेला फायदा स्पष्ट दिसल्यामुळे उपचार ठरल्यापेक्षा आधीच थांबवले होते. ही बाजू लपवून मला तुम्हाला काही विकायचं नाही. तरीही एवढा भक्कम पुरावा तुमच्या त्या तिन्ही उपायांपैकी एकाच्याही मागे नाही.

तेव्हा आधी घरी नीट मोजा. दवाखान्यात घाईघाईने घेतलेल्या एका आकड्यावरून काही ठरत नाही. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, लघवीला जाऊन या, मग पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला लागलेले, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीत, आणि पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी लागेल की मीठ, वजन आणि चालण्याने भागेल, हे त्यावर ठरेल. गोळी लागली तर ती हार मानू नका. चाळीस वर्षं वाढीव दाब सोसण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

साखर आणि कोलेस्टेरॉल याच ओघात तपासून घ्या. मध्यम वयातला मधुमेह डिमेन्शियाचा धोका वाढवतो. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आयोगाने २०२४च्या अहवालात डिमेन्शियाच्या बदलता येण्याजोग्या कारणांच्या यादीत पहिल्यांदाच घेतलं, आणि घेतलं तेच अगदी वरच्या क्रमांकावर.

त्या अहवालातला ४५ टक्क्यांचा आकडा तुमच्याही वाचनात आला असेल. २०१७ साली आयोगाने बदलता येण्याजोगी नऊ कारणं सांगितली होती, २०२०मध्ये बारा, २०२४मध्ये चौदा: कमी शिक्षण, बहिरेपणा, एलडीएल, नैराश्य, डोक्याला मार, बैठेपणा, मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब, लठ्ठपणा, जास्त मद्यपान, एकाकीपणा, हवेचं प्रदूषण आणि उपचार न केलेली अधू नजर. ही सगळी कारणं जगातून नाहीशी झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांना आजार उशिरा होईल, असा तो हिशेब आहे. तो संपूर्ण लोकसंख्येचा आहे. 'मी सगळं केलं तर माझा धोका ४५ टक्क्यांनी घटेल' असा त्याचा अर्थ काढू नका, आणि 'सगळं करूनही झाला म्हणजे माझंच काही चुकलं' असा तर मुळीच नको. शिक्षण आणि हवा या गोष्टी तर एकट्या माणसाच्या हातातही नसतात.

पण धोका हलतो, हे नक्की. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या पाहणी चालू आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे नव्याने डिमेन्शिया होण्याचं प्रमाण दर दहा वर्षांना सरासरी २० टक्क्यांनी घटत गेलं. जनुकं तर तीच होती. उल्लेखनीय म्हणजे ही घट किमान शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्येच दिसली.

आनुवंशिकतेचंही इथेच सांगतो, कारण तुमच्या भीतीचं मूळ तिथे आहे. एका जनुकातल्या बिघाडामुळे थेट पुढच्या पिढीत उतरणारा अल्झायमर फार विरळा असतो, १ टक्क्याहूनही कमी, आणि तो सहसा चाळिशी-पन्नाशीतच डोकं वर काढतो. आईला ७४व्या वर्षी झालेला आजार त्या प्रकारातला नाही असं मानायला हरकत नाही. आई-वडिलांपैकी एकाला उतारवयात हा आजार असला तर मुलांचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. एपीओई-४ हे जनुक त्यातला मोठा भाग उचलतं, पण ते असूनही शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेले लोक भरपूर आहेत आणि नसूनही आजार झालेले तितकेच. ते तपासून तुम्हाला आज करायच्या गोष्टी बदलणार नाहीत, म्हणून या वयात उगाच तपासून घ्या असं मी सांगत नाही.

आता कानांकडे वळतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त वर्षं वाया घालवतात. साधारण असं घडतं. साठीच्या पुढच्या एका निवृत्त शिक्षिकेला मुलगा घेऊन येतो: आई हल्ली सांगितलेलं लक्षात ठेवत नाही. मी बाईंसमोर बसून मोठ्याने, सावकाश बोलतो तेव्हा त्या चाचणीतले शब्द जवळपास सगळे सांगतात. मग तोंडावर कागद धरून, ओठ दिसणार नाहीत असं, नेहमीच्या आवाजात तीन शब्द उच्चारतो. बाई हसून मान डोलावतात आणि मुलाकडे बघतात. शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते, मग आठवणार कुठून? घरी विचारलं की कळतं, वर्ष-दोन वर्षांपासून त्या लग्नसमारंभात कोपऱ्यात बसतात, फोन दुसऱ्याकडे देतात, चार माणसं बोलत असली की उठून आत जातात. पुन्हा पुन्हा 'काय म्हणालास?' विचारायची लाज वाटते, म्हणून विचारणंच सोडलेलं असतं.

बहिरेपणाने मेंदूचं नुकसान कसं होतं याची बरीच स्पष्टीकरणं आहेत: शब्द ओळखण्यातच शक्ती संपल्यामुळे ते साठवायला ती उरत नाही, मेंदूच्या श्रवणकेंद्रांना खुराक मिळत नाही, आणि माणूस माणसांतून उठतो. २०२३ साली आलेल्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाच्या, ऐकू कमी येणाऱ्या ९७७ जणांना घेतलं होतं. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरायचं प्रशिक्षण दिलं. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता, म्हणजे वय जास्त आणि हृदयविकाराची कारणं जास्त, त्या उपगटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. उपगटावरून सुतावरून स्वर्ग गाठायचा नसतो हे मान्य. तरी ज्या उपायाला धोका जवळपास नाही आणि ज्याने माणूस पुन्हा गप्पांत सामील होतो, त्यासाठी मी आणखी पुराव्याची वाट बघायला सांगणार नाही.

पन्नाशीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, एकदा करून घ्या; अर्ध्या तासाचं काम आहे. यंत्र लागलंच तर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या आवाजाचासुद्धा त्रास होतो. इथेच बहुतेक यंत्रं कपाटात जातात. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा आणि दोन-तीनदा परत जाऊन ते आपल्या कानाला जुळवून घ्यायचं. नजरेचंही तेच: मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबण्याचे दिवस गेले.

झोपेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण तिच्यावर मी अडलो. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल-२ या पाहणीत जवळपास ८,००० जणांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतला गेला. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका ३० टक्क्यांनी जास्त आढळला. झोपेत मेंदूतली टाकाऊ द्रव्यं वाहून जातात, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. पण त्याचे बरेचसे पुरावे उंदरांवरचे आहेत आणि शास्त्रज्ञांत त्यावर वादही चालू आहे. माझ्या मते तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी पाहिलंय का, आणि सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? उत्तर हो असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करा. पाळी थांबल्यावर बायकांमध्ये तो वाढतो, तरी त्यांच्या बाबतीत त्याचा संशयच घेतला जात नाही.

दुसरा प्रश्न पाळीचाच. ५२ म्हणजे रजोनिवृत्तीच्या आसपासचं वय. या काळात नावं न आठवणं, एकाग्रता तुटणं, रात्री घाम येऊन जाग येणं हे अतिशय सर्रास आढळतं, आणि बहुतेकींमध्ये पुढच्या काही वर्षांत ते निवळतं. तुम्ही वर्णन केलेला विसराळूपणा मला या चौकटीत जास्त बसतो. हॉर्मोनची औषधं घाम आणि झोपेच्या त्रासासाठी योग्य असू शकतात, ते स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. डिमेन्शिया टाळण्यासाठी म्हणून मात्र ती घ्यायची नसतात. पासष्टीपुढच्या बायकांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दिलेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत २००३ साली डिमेन्शियाचा धोका उलट दुप्पट झालेला दिसला होता.

झोपेची गोळी सवयीची होऊ देऊ नका. बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी स्मृती मंदावते, उतारवयात तोल जातो, आणि पडून डोक्याला मार लागणं हे स्वतःच त्या चौदा कारणांतलं एक आहे. पण रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून आज वर्तनोपचार सुचवला जातो: रोज उठायची वेळ एकच, झोप आली तरच अंथरुणावर, वीस-पंचवीस मिनिटांत नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत. पहिले दोन आठवडे जड जातात, मग बसतं. आणि रात्री सहा तासच झोप झाली म्हणून 'मेंदू गेला' असं मनात घेऊन जागत राहू नका. तो आकडा अनेक वर्षांच्या सवयीचा आहे, एखाद्या रात्रीचा नाही.

चालण्याबद्दल लिहिताना मी थोडा हात आखडता घेतो, कारण त्याच्याविषयी फार ढोल वाजवले जातात. ब्रिटनमधल्या ७८,४३० जणांच्या मनगटावर यंत्र बांधून पावलं मोजली तेव्हा दिवसाला सुमारे ९,८०० पावलं टाकणाऱ्यांत धोका निम्मा आणि सुमारे ३,८०० पावलांवरही २५ टक्के कमी दिसला. आकडे मोहक आहेत. पण व्हाइटहॉलच्याच दीर्घ पाहणीत असं आढळलं की ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांचं हिंडणंफिरणं निदानाच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासूनच कमी व्हायला लागलं होतं. म्हणजे काही अंशी कमी चालण्याने आजार होत नाही, आजार येऊ घातलाय म्हणून चालणं कमी होतं. पाहणीवर आधारलेल्या प्रत्येक आकड्यात ही उलटी वाट शक्य असते. झोपेचे, एकटेपणाचे, छंदांचे आकडे वाचतानाही ती मनात ठेवा. तरीही व्यायाम मी आग्रहाने सांगतो. त्याने दाब, साखर, वजन, झोप आणि मनाची उभारी या सगळ्यांवर एकदम काम होतं, आणि २०११च्या एका चाचणीत वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालणाऱ्या वयस्कांचा हिपोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, २ टक्क्यांनी वाढलेला आढळला, तर फक्त स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा आकसला. चाचणी लहान होती, १२० जणांची. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल अशी चाल, दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आणि तोल सांभाळण्याचा थोडा सराव, एवढं पुरे. पैकी स्नायूंचा व्यायाम बायका हमखास गाळतात. तो गाळू नका.

आहाराचं थोडक्यात. भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं, तेलबिया जास्त, मीठ, साखर आणि तळण कमी; हे हृदयासाठी चांगलं आणि म्हणून मेंदूसाठीही. पण मेंदूचा म्हणून कुठलाही खास आहार सिद्ध झालेला नाही. मेंदूसाठी म्हणून आखलेला माइंड आहार म्हणून ज्याचा गवगवा आहे त्याची २०२३मध्ये ६०४ जणांवरची तीन वर्षांची चाचणी आली. सगळे पासष्टीपुढचे आणि घरात डिमेन्शियाचा इतिहास असलेले, म्हणजे तुमच्यासारख्याच पार्श्वभूमीचे. नेहमीचं जेवण ठेवून थोडे उष्मांक कमी केलेल्या गटापेक्षा त्यांना ठळक असा जास्त फायदा झाला नाही. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर सोडा, मद्य जितकं कमी तितकं चांगलं. 'थोडी घेतलेली मेंदूला बरी' या जुन्या समजुतीला आज आधार उरलेला नाही.

तुमच्या हर्बल गोळ्यांत कदाचित गिंको या झाडाच्या पानांचा अर्क असेल, या बाजारातलं ते एक जुनं नाव. पंचाहत्तरीपुढच्या ३,०६९ जणांना सुमारे सहा वर्षं गिंको किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन पाहिली. २००८ साली उत्तर आलं: डिमेन्शिया दोन्ही गटांत सारखाच. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत गिंकोने रक्तस्रावाची भीतीही असते. त्या गोळ्या थांबवा.

कोडी सोडवायला आवडत असतील तर जरूर सोडवा. मात्र रोज तीच कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात तरबेज होतो, औषधाची वेळ किंवा बँकेचा व्यवहार लक्षात ठेवण्यात नाही. मेंदूला उपयोगी पडते ती आयुष्यभर जमवलेली गंगाजळी. अमेरिकेतल्या ६७८ ख्रिस्ती जोगिणींनी (नन) म्हातारपणी दरवर्षी चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर आपले मेंदू संशोधनासाठी देऊ केले. सिस्टर मेरी या नावाने त्या अभ्यासात ओळखल्या जाणाऱ्या एकीचं वयाच्या १०१व्या वर्षापर्यंत डोकं तल्लख होतं. मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरच्या गाठी आणि थर भरपूर निघाले. आजार होता, पण तो सोसूनही काम चालवण्याची ताकद त्या मेंदूत होती. ही ताकद शिक्षणातून, अवघड कामातून, नवीन भाषा, वाद्य किंवा कला शिकण्यातून वाढते असं मानायला आधार आहे. म्हणून अ‍ॅपचे पैसे वाचवा आणि जिथे चुकायला होतं, विचारावं लागतं, चार माणसांसोबत बसावं लागतं असं काहीतरी शिकायला घ्या.

चार माणसं मी मुद्दाम लिहिलं. एकाकीपणा आणि नैराश्य दोन्ही त्या यादीत आहेत. आजारी आईची वर्षानुवर्षं शुश्रूषा केलेल्या मुलींमध्ये ते मी फार पाहतो. आजारपणात मैत्रिणी सुटतात, बाहेर जाणं थांबतं, आणि आई गेल्यावर ते आपोआप सुरू होत नाही. तुमच्या पत्रात मैत्रिणींचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. मन सतत खिन्न असेल, कशात रस वाटत नसेल, तर त्यावर उपचार घ्या. नैराश्यातला विसराळूपणा उपचारांनी बऱ्याचदा भरून येतो.

हे सगळं एकत्र केलं तर? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका असलेल्या १,२६० जणांवर फिंगर ही चाचणी झाली. आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख, असं सगळं एकदम. दोन वर्षांनी, २०१५ साली, या गटाची बौद्धिक चाचण्यांतली प्रगती दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्के जास्त भरली. अमेरिकेत २,१११ जणांवर झालेल्या पॉइंटर चाचणीचे निष्कर्ष २०२५मध्ये आले. तिथे आखीव कार्यक्रमवाल्यांना थोडा जास्त फायदा झाला, पण ज्यांनी आपल्या मनाप्रमाणे सवयी बदलल्या तेही सुधारले. दोन वर्षांत कोणाचा डिमेन्शिया टळला हे अशा चाचण्या सांगू शकत नाहीत. बुद्धी ताजी राहते इतकं मात्र सांगतात.

आईबद्दल एक. तिने काय खाल्लं, किती चालली, कोडी सोडवली नाहीत, यातून तिचा आजार तुम्ही शोधत बसला असाल तर थांबा. काटेकोर जगलेल्यांनाही हा आजार होतो. वय हेच त्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. तिने काही चुकवलं नाही आणि तुम्हीही तिची काळजी घेण्यात चुकवलं नाही.

तुमच्या सध्याच्या तक्रारींसाठी साध्या रक्ततपासण्या पुरेत: हिमोग्लोबिन, साखर, लिपिड, थायरॉइड आणि बी१२. शेवटच्या दोन्हींच्या कमतरतेने विसराळूपणा येतो आणि दोन्ही भरून काढता येतात. नाव ऐनवेळी न आठवून नंतर आठवणं, चष्मा शोधणं, याने घाबरू नका. सरावाची कामं चुकायला लागली, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ झाला, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला गेला, पैशांच्या व्यवहारात चुका व्हायला लागल्या, किंवा तुम्हाला काही वाटत नसताना घरचेच काळजी करायला लागले, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा. तेव्हा एकट्या जाऊ नका. रोज तुमच्यासोबत राहणारं माणूस बरोबर न्या, कारण विसरलेलं काय हे विसरणाऱ्याला सांगता येत नाही. आणि घरात घेत असलेली प्रत्येक गोळी पिशवीत भरून न्या, चिठ्ठीशिवाय घेतलेलीही. ती पिशवी टेबलावर रिकामी केली की सर्दी-खाजेची झोप आणणारी गोळी, वारंवार लघवीवरची गोळी आणि झोपेची गोळी अशा तिन्ही एकदम निघतात, असं बऱ्याचदा होतं. पहिल्या दोन्हींपैकी अनेक औषधं स्मृतीला लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनालाच अडवतात. त्यांना पर्याय देऊन सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली की काही जणांचे गुण वाढलेले दिसतात, आणि त्यांना पुढच्या महागड्या तपासण्यांची गरजच पडत नाही.